मावशीचा गाल

दुर्मिळ आजार सापडला की डॉक्टर लोकांना जो आनंद होतो तो पेशंटच्या नातेवाइकांच्या नजरेस पडू नये, नाहीतर मार खायची पाळी यायची. मला तो आनंद झालेला आहे, म्हणून सांगते.

अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीत दातांचा दवाखाना थाटला. नवऱ्याची नोकरी इथली, म्हणून मी इथली. मुंबईच्या कॉलेजातून शिकून आलेली, डोक्यात मोठमोठी ऑपरेशनं, आणि दारात येणार कोण, तर दाढ काढायला आलेली माणसं. कुणाला म्हटलं, "अहो, काढू नका, भरू या, वाचेल ती," की पेशंट संशयाने बघायचा. एक आजोबा तर म्हणाले, "वाचवून काय लोणचं घालू? बाकीच्या आहेत की अजून." या गावात खवचटपणा नळाच्या पाण्यातून येतो, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. मी उपट दाढ, उपट दाढ करत बसले आणि मनातल्या मनात कुढत राहिले. इतकी पुस्तकं वाचली ती शिंची याच्यासाठी?

अशात एकदा शिमगा संपल्या संपल्या संगमेश्वरकडच्या एका खेड्यातून एक जोडपं आलं. तो चाळिशीतला, काटक, भातशेती करणारा. बायको त्याच्यापेक्षा बोलकी. तो खुर्चीत बसला, डावीकडची खालची दाढ बोटाने हलवून दाखवली आणि म्हणाला, "ही काडा."

दाढ राहिली बाजूला, माझं लक्ष त्याच्या गालाकडे. डाव्या जबड्याच्या कोपऱ्यावर चांगली लिंबाएवढी सूज.

"ही सूज कधीपासून आहे?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बायको फिस्सकन हसली.

"ती सूज न्हाय बाय. तो इडा हाय."

"तोंडात तर काही नाही!"

"आता न्हाय. पन इड्याचाच हाय."

मग मला सगळी कथा सांगण्यात आली. त्यांच्या गावात शिमग्याला नमन होतं. नमन म्हणजे आमच्याकडचं नाटकच, मृदंग-टाळ लावून. त्यात गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि त्याचा तो पेंद्या वाट अडवतात, आणि गवळणींच्या पुढे असते मावशी. फटकळ, नखरेल, गालात विड्याचा तोबरा भरलेली. ही मावशी पुरुषच करतो. आणि हा माणूस तरुणपणापासून दरवर्षी मावशी होत होता. सुरुवातीला गालात खरोखरचं पान आणि अख्खी सुपारी भरायचा. मग हळूहळू भरायची गरजच पडेना. गाल आपोआप तसाच राहायला लागला.

"इतकी वर्सं इडा भरून गालाला वळन पडला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, अभिमान होता. "शेजारच्या वाडीची मावशी बोलायला लागली का सुपारी भायेर पडते. माजी आजपातूर पडली न्हाय."

पडेल कशी, कपाळ माझं! आख्ख्या गावाने वर्षानुवर्षं त्या सुजेला टाळ्या वाजवल्या होत्या. मुंबईहून आलेले चाकरमानी म्हणे तिचे फोटो काढून न्यायचे. दुखत नव्हती, ठणकत नव्हती, तापबीप काही नाही. मग कोण कशाला डॉक्टरकडे जातोय?

मी बाहेरून गाल दाबून बघितला. एका जागी हाड दगडासारखं लागलं, आणि जरा पुढे सरकले तर अंगठा आत गेला आणि परत वर आला. पत्र्याच्या डब्याचं झाकण दाबल्यावर होतं तसं. मग दाढेचा एक्स-रे काढला. आम्ही तोंडात ठेवतो ती छोटी फिल्म. धुतली, उजेडात धरली, तर सगळी काळी. फिल्म खराब निघाली म्हणून मी पुरवठादाराला मनात शिव्या घातल्या, नवीन पाकीट फोडलं, फिल्म जरा मागे सरकवून दुसरा काढला. काळा. पुढे सरकवून तिसरा. काळाच. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फिल्म चांगली होती. हाडच नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात पाठवून आख्ख्या जबड्याचा फोटो काढून आणला. कानाखालपासून जवळजवळ हनुवटीपर्यंत जबडा आतून पोकळ. खालची कड तेवढी शिल्लक, पेन्सिलने ओढलेल्या रेघेएवढी. दाढा त्या पोकळीवर नुसत्या टेकलेल्या. मी त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती दाढ उपटायला चिमटा लावला असता ना, तर दाढेबरोबर जबडा मोडून हातात आला असता. मी चिमटा उचलून कपाटात बंद केला. तो आपला तोंड वासून पंख्याकडे बघत पडला होता.

जाड सुई घालून आतलं ओढून बघितलं, तर पाणी नाही, रक्त नाही. पांढुरकं, पिवळसर, घट्ट. खव्यासारखं. आणि मला तो आनंद झाला! खोटं कशाला बोलू? परीक्षेला पाठ केलेलं, पुस्तकात एका पानावर फोटोसहित असलेलं, आणि ज्याबद्दल सरांनी "तुमच्यापैकी फार थोड्यांना बघायला मिळेल" असं सांगितलेलं, ते प्रकरण माझ्या खुर्चीत येऊन बसलं होतं. मी पुण्याच्या मैत्रिणीला फोन लावला. तीही दातांचीच डॉक्टर. ती किंचाळलीच. "अभिनंदन! नशीबवान आहेस मेले, मी इथे नुसती रूट कॅनल करून म्हातारी होणार." आम्ही दोघी इतक्या मोठ्याने हसत होतो, की बाहेर बाकावर बसलेल्या त्या बायकोला वाटलं, नवऱ्याचं काही विशेष नाही. तीही हसली.

आतल्या पिशवीचा छोटासा तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला. रिपोर्ट आला, केराटोसिस्ट. सोप्या भाषेत सांगायचं तर दात तयार करून झाल्यावर ज्या पेशींनी गपगुमान विरून जायचं, त्यातल्या काही रिकामटेकड्या जबड्यात मागे राहतात आणि नसते उद्योग सुरू करतात. हाडात एक पिशवी तयार होते. तिचं अस्तर लसणीच्या सालीएवढं पातळ. ती हाड खात खात लांबवर पसरते, आणि बाहेर दिसायला लागते तोवर आत काही उरलेलं नसतं. वर तिची पिल्लं असतात, आजूबाजूच्या हाडात दडलेली. आईला काढली आणि एखादं पिल्लू राहिलं की काही वर्षांनी पहिले पाढे पंचावन्न.

हे सगळं मी त्या दोघांना समजावून सांगितलं. बायकोने एकच प्रश्न विचारला.

"क्यान्सर हाय काय?"

"नाही."

ती घळाघळा रडली, पदराने डोळे पुसले, माझ्या टेबलाला हात लावून नमस्कार केला आणि उठली. "मंग ऱ्हावंदे."

आता काय म्हणावं? कॅन्सर म्हटलं असतं तर शेत गहाण टाकून मुंबई गाठली असती. कॅन्सर नाही म्हटल्यावर जबडा पोखरणारी गोष्टसुद्धा पाहुण्यासारखी घरात राहू द्यायची तयारी. मी एक्स-रे उजेडाला लावला आणि त्या पेन्सिलच्या रेघेवर बोट ठेवून म्हटलं, "हे एवढंच हाड आहे. उद्या सुपारी फोडलीत, गुराने शिंग मारलं, नमनात कुणी एक लगावली, तर मोडेल. मग जेवायचं कसं, बोलायचं कसं?" तेव्हा कुठे ती परत बसली.

मी त्यांना घेऊन कोल्हापूरला गेले. तिथे जबड्याची ऑपरेशनं करणारे एक जुने सर्जन होते. आंबा घाटात त्या माणसाला गाडी लागली आणि मी संपूर्ण रस्ता त्याचा जबडा आपटू नये म्हणून मागच्या सीटवरून त्याच्या डोक्याला धरून बसले होते. कंडक्टरला वाटलं असेल, काय प्रेमळ बाई आहे.

सर्जननी फोटो बघितले आणि दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे अर्धा जबडा कापून काढायचा आणि त्या जागी धातूची पट्टी बसवायची. रोग जातो, पण तोंड वाकडं होतं, खाणं-बोलणं कायमचं बदलतं. दुसरी म्हणजे त्या पिशवीला तोंडातून एक खिडकी पाडायची, खिडकीत बारीक नळी बसवायची, आणि रोज न चुकता मिठाच्या पाण्याने आतून धुवायची. पिशवीतला दाब गेला की ती आपोआप लहान होत जाते, हाड भरून येतं. मग उरलीसुरली खरवडून काढायची. "पण याला वर्षाच्या वर लागेल," ते म्हणाले, "आणि एक दिवस चुकवून चालायचं नाही. हे करणार कोण?"

"मी," बायको म्हणाली. भांडी कोण घासणार असं विचारल्यासारखं.

मग सर्जननी त्या माणसाचा तळहात उलटा करून दिव्याखाली धरला. टाचणीने टोचल्यासारखे बारीक बारीक खड्डे होते. मला वाटलं कापणीचे, बायको तर म्हणालीच तसं. सर्जननी मान हलवली आणि छातीचा फोटो काढायला लावला. एक बरगडी पुढे जाऊन दुभंगलेली निघाली. "हा घराण्यात उतरणारा प्रकार आहे," ते मला म्हणाले. "मुलं किती याला? सगळ्यांचे जबडे तपासून घ्या."

दुर्मिळातला दुर्मिळ! मला परत तो आनंद झाला, आणि या वेळी जरा लाजही वाटली. मुलं दोन होती. मुलगी शेजारच्या गावात दिलेली, मुलगा मुंबईला कंपनीत.

त्या माणसाचं मात्र यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. परतीच्या गाडीत त्याने मला विचारलं, "मंग सूज जाईल?"

"जाईल ना! पूर्ण जाईल," मी आनंदाने म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "मंग मावशीचा काय?"

मी भडकले. "अहो, तुमचा जबडा मोडायला आलाय आणि तुम्हाला मावशी सुचतेय? जरा तरी अक्कल आहे का?"

तो रागावला नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाय, वरीसभर मी कोन हाय? इतभर शेत, दोन बैल. माजा नाव गावात कुनी घेत न्हाय, मावशीच म्हनतात. येष्टीचा कंडक्टरपन मावशी म्हनतो. ती गेली मंग मी ऱ्हायलो काय नि न्हाय काय." दाढा उपटून कंटाळलेली मी, मला तरी दवाखान्याची पाटी सोडून कोण ओळखत होतं?

ऑपरेशनची तारीख मात्र तो देईना. देवीला कौल लावायचा म्हणाला. कौल म्हणजे गुरव देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी कपाळाला हात लावला. जबड्याचं निदान मुंबईने केलं, कोल्हापूरने केलं, आता एका पाकळीची सही राहिली होती. आठवडाभर मी फणफणत होते, कंपाउंडरवर, नवऱ्यावर, जो समोर येईल त्याच्यावर. आणि एका सकाळी नवराबायको हसत हसत दारात.

"उजवी पडली बाय! करा काय करायचा ता."

माझा जीव भांड्यात पडला. देवीचं आणि माझं मत जुळलं याचा मला इतका आनंद व्हावा हे काही माझ्या शिक्षणाला शोभणारं नव्हतं. सहज विचारलं, "प्रश्न काय घातलात?"

"येत्या शिमग्याला मावशी हुभी ऱ्हाईल काय?"

जबड्याबद्दल देवीला कुणी एक अक्षर विचारलं नव्हतं.

पावसाळ्यात ऑपरेशन झालं. खिडकी पाडली, नळी बसवली, आणि बायकोच्या हातात मी एक मोठी सिरिंज दिली. सुईशिवायची, वाकड्या टोकाची. ती तिला पिचकारी म्हणायची. तिने त्या पिचकारीसाठी वेगळं पातेलं काढलं होतं, त्यात दुसरं काही उकळायचं नाही, लेकीने किंवा शेजारणीने हात लावायचा नाही. रोज जेवण झालं की नवऱ्याला पडवीत उजेडाला बसवायची, मान मागे करायची आणि धुवायची. तपासायला आले की मला बाजारभाव सांगितल्यासारखी काय काय निघालं ते सांगायची. "आयतवारी भाताची शिता. मंगळवारी कोलमाची सुकट. आनि काल बाय, तीळ! म्हंजे ह्यांनी कुनाकडं तरी लाडू खाल्ला, मना न सांगता." जबड्यातल्या भोकामुळे त्या माणसाला काही लपवून खायची सोय राहिली नव्हती.

महिने गेले तशी एक्स-रेवर ती काळी जागा आकसायला लागली. कडेने पांढरे धागे दिसायला लागले. नवीन हाड! मी फिल्म उजेडात धरून नाचायची बाकी. तो त्या वेळी माझ्या भिंतीवरच्या आरशात गाल बघत उभा असायचा, एखादं वासरू विकून आल्यासारखा. मला हाड आलेलं दिसायचं, त्याला गाल गेलेला.

शिमगा आला तेव्हा सूज निम्म्याने उतरली होती. हाड अजून कच्चं होतं. आणि नमनात पेंद्या मावशीच्या गालावर एक सणसणीत ठेवून देतो, अशी जुनी रीत. हे कळल्यावर मी पेंद्यालाच दवाखान्यात बोलावून घेतलं. दांडगा गडी होता, लाकडं फोडणारा. मी त्याला जबड्याचा फोटो दाखवला आणि बजावलं, मारायचं तर उजव्या गालावर. तो विचारात पडला. "पन बाय, मी उजव्या हाताचा. समोरून मारला का डाव्यावरच बसनार." मग आम्ही दोघांनी माझ्या दवाखान्यात डाव्या हाताने थप्पड मारायची तालीम केली. बाकावरचे पेशंट बघत होते. त्यातला एक दाढ न काढताच निघून गेला.

मला काही राहवेना, म्हणून नमनाला मी स्वतः गेले. मावशी आली. नऊवारी इतकी चापून चोपून नेसलेली, की मला माझ्या लग्नातली आठवली, जी दोन बायका धरून होत्या तरी सुटली. थपडेची वेळ आली तशी मी डोळे मिटले. हसण्याचा गडगडाट ऐकून उघडले, तर तो दांडगा पेंद्या भीतीने एक बोट पुढे करून मावशीच्या उजव्या गालाला नुसतं शिवत होता आणि मावशी त्या बोटाने कोलमडून पडत होती. लोक पोट धरून हसत होते. देवीने शब्द पाळला होता.

पुढे उरलेली पिशवी खरवडून काढली, हाड भरून आलं. गाल इतका सपाट झाला की तो माणूस बघण्यासारखा दिसायला लागला. सर्जन खूश, मी खूश. पुढच्या शिमग्याला त्याने गालात खराखुरा विडा भरला, आणि पहिल्याच वाक्याला सुपारी बाहेर पडून टाळवाल्याच्या पायाशी गेली. इतक्या वर्षांत सवय कुठे राहिली होती? लोक हसले, पण तसे नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "मावशे, गाल खय इसरलीस?" हे त्याने मला स्वतः सांगितलं, वार्षिक तपासणीला आला तेव्हा. त्यानंतर तो उभा राहिला नाही. "काम चांगला झाला बाय," म्हणाला, आणि ओले काजू टेबलावर ठेवून गेला. मला फार वाईट वाटलं. माझं एवढं यशस्वी ऑपरेशन, आणि त्याला आता कंडक्टरही नुसतं "चला, पुढे सरका" म्हणत असणार.

मुलांच्या तपासणीचा विषय मी दर वेळी काढायचे. मुलीला आणलं, तिचा जबडा स्वच्छ निघाला. मुलगा मात्र सापडायचा नाही. मुंबईला सुट्टी नाही. शिमग्याला आला की पालखीच्या मागे, गणपतीला आला की आरत्यांच्या मागे. मी चिडून एकदा त्यांच्याकडून नंबर घेतला आणि त्याला फोन केला. "म्याडम, माझे दात एकदम झकास आहेत," तो मुंबईच्या मराठीत म्हणाला, "कॅल्शियम आहे आपल्यात." त्याची आई माझ्यावरच नाराज झाली. "धडधाकट हाय माजा पोर. कशाला वाईट बोलताव?" बाप खाली मान घालून बसायचा.

आणि काही वर्षांनी एका शिमग्याला आमंत्रण आलं. बाप स्वतः आला होता, चेहरा उजळलेला. "बाय, ह्या वर्साला पोर मावशी हुभी करतोय. यायलाच पायजे."

चाकरमान्यांना रात्रीची गाडी पकडायची होती, म्हणून नमन दुपारीच ठेवलं होतं. देवळासमोर मांडव, बाजूला सहाणेच्या चौथऱ्यावर पालखी बसलेली, ऊन रणरणतंय. मी बायकांत बसले, पोराची आई माझ्या शेजारी. बाप समोर, पहिल्या रांगेत, मांडी ठोकून. मृदंग वाजला, गवळणी आल्या, आणि त्यांच्या पुढे मावशी आली. तीच चाल, तोच हात कमरेवर, बापाचीच फिरकी. आणि डावा गाल टरारून भरलेला.

मांडवात एकच हल्लकल्लोळ. "आली रे आली! मावशीचा गाल आला!" म्हातारी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. आई माझा दंड दाबून म्हणाली, "बघा बाय, इडा कसा भरलान हाय. बापाचाच पोर." बाप तर मागे वळून वळून सगळ्यांना दाखवत होता, हसून हसून डोळ्यांत पाणी. इतकी वर्षं मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसले.

मावशी बोलायला लागली. सवाल, जवाब, गाणं, ठसका. सुपारी काही पडेना. ओठ मोकळे, जीभ मोकळी, शब्द सगळे स्वच्छ. पान चावताना तोंड जसं अडतं तसं कुठेच अडत नव्हतं. माझं हसणं थांबलं. मी बापाकडे बघितलं, तर तो माझ्या आधीच थांबला होता.

तो उठला. मांडवातून सरळ चालत खेळात शिरला. मृदंगवाला क्षणभर बिचकला, मग त्याला वाटलं काहीतरी गंमत बसवलेली आहे, आणि त्याने जोरात थाप मारली. जुनी मावशी नव्या मावशीला भेटायला आली! लोक उभे राहिले, शिट्ट्या घातल्या. बापाने पोराच्या समोर उभं राहून त्याच्या डाव्या गालावर अंगठा ठेवला. पोरालाही वाटलं बाप रंगात आलाय. त्याने नखऱ्याने मान वेळावली आणि ठसक्यात म्हणाला, "अवो बुवा, दिवसाढवळ्या परक्या बायकांचे गाल काय धरताव?"

मांडव कोसळायचा बाकी राहिला. मावशीला तिच्या आयुष्यात असा हशा मिळाला नसेल. आणि त्या गोंगाटात मी बघितलं, बापाचा अंगठा आत गेला आणि परत वर आला. माझ्या दवाखान्यात किती वेळा मी त्याचा गाल तसा दाबला होता. हात न काढता त्याने मान वळवली आणि त्या सगळ्या हसणाऱ्या माणसांत तो मला शोधायला लागला. शेजारी आईने माझा दंड अजून धरलेला होता. आता ती हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडायला गेले तेव्हा तिघं पायरीवर बसले होते. पोराच्या कानामागे अजून पावडर होती. त्याने रात्रीची गाडी सोडली होती. मी फिल्म काढली, धुतली, उजेडात धरली. काळी. सरकवून दुसरी काढली. अर्धी काळी, आणि मग एक स्वच्छ कड आणि पुढे चांगलं पांढरं हाड. बापाच्या मानाने पिशवी लहान होती, लवकर सापडली होती. मी तसं सांगितलं. बाप आणि मुलगा, एकाच घरातले दोन, एकाच दवाखान्यात. पुस्तकात छापून येण्यासारखं. पुण्याच्या मैत्रिणीला मी फोन केला नाही.

पोराने आरशात गाल बघितला. "म्याडम, सूज जाईल?"

"जाईल."

तो जरा घुटमळला. "पुढच्या शिमग्यापर्यंत ठेवता येईल काय?"

मी तोंड उघडायच्या आत बाप ओरडला, "गप ऱ्हा!" इतक्या जोरात, की बाहेरचा रिक्षावाला डोकावून गेला. मग त्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि बायकोकडे बघितलं.

तिने पिशवीतून एक पुडी काढली. धुवट धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. वर्षं झाली तरी तिने ती टाकली नव्हती. फडकं सोडून तिने पिचकारी माझ्या टेबलावर ठेवली.

"उकळून आनलीय," ती म्हणाली.